तांबट आळीच्या तारा

मोजणीदार गुळवणींनी मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता टेप गुंडाळली, तेव्हा तिच्याबरोबर तांबट आळीची शेवटची चार घरंही आत गेली. आवाज फारसा झाला नाही. पत्र्याची टेप डबीत परत जाताना होतो तेवढाच, सर्रकन. चार घरं, त्यांच्यासमोरचा हातपंप, एक कडुलिंब आणि दोरीवर वाळत घातलेलं एक हिरवं लुगडं. कडुलिंबाला जरा वेळ लागला. त्याच्या फांद्या डबीच्या फटीत अडकल्या, तेव्हा गुळवणींनी अंगठ्यानं बटण दोनदा दाबलं.

द्वारकाबाई हिंगमिरे हे आपल्या गच्चीवरून पाहत होत्या. त्या खाली आल्या आणि चपला न घालताच आळीच्या टोकाला गेल्या. जिथून अनसाबाई कासारांचा ओटा सुरू व्हायचा तिथं आता एक भिंत होती. भिंत नवी नव्हती. तिच्यावर शेवाळं धरलं होतं आणि कधीकाळच्या सर्कशीचा एक फाटका कागद चिकटलेला होता.

गुळवणी पन्नाशीचे, नीटनेटके, बाह्यांची बटणं लावलेले गृहस्थ होते. कुठल्या खात्याचे, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी काखेतून एक तक्ता काढला. वर लिहिलं होतं, ‘आळीची लांबी पूर्वीपासून एकशेबारा मीटर.’ खाली सह्यांना जागा होती.

“अहो, चार घरं आत गेली ना,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“मोजलं की गुंडाळावं लागतं, बाई. टेप उघडी ठेवता येत नाही.”

“आणि माणसं?”

“माणसांचं माप आमच्याकडे नसतं,” गुळवणी म्हणाले आणि त्यांनी पेन पुढं केलं.

द्वारकाबाईंनी पेन घेतलं नाही. पण आळीतल्या बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही नरहरी तांबटानं केली. त्या चार घरांतलं तिसरं घर त्याच्या थोरल्या भावाचं, लक्ष्मणचं होतं. द्वारकाबाईंचे यजमान दिगंबरराव यांनी चष्मा पुसून, ‘र’चा शेपटा छान खाली ओढून सही केली. दिगंबररावांची तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरकी करण्यात गेली होती. पुढ्यात आलेल्या कागदावर सही करायची, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग गुळवणी टेप उचलायला गेले, तर ती उचलेना. मुठीत मावणारी डबी, पण दोन हमालांनी जोर लावूनही ती जेमतेम हिंगमिऱ्यांच्या ओट्यापर्यंत आली. गुळवणींनी घाम पुसला.

“गुरुवारी येतो. तोवर इथंच राहू द्या, हात लावू नका. उरलेली आळी गुरुवारी.”

*

द्वारकाबाईंनी चिंचणगावच्या तारऑफिसात तेहतीस वर्षं काढली होती. तार बंद झाली त्या दिवशी शेवटचा कागद त्यांनीच फाडला आणि उरलेली कोऱ्या फॉर्मांची पॅडं घरी आणली. रिकाम्या कानांना चैन पडेना, म्हणून त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. तेव्हापासून रोज सकाळी त्या एक म्हातारा उपग्रह ऐकायच्या. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी वर सोडलेला. त्याची बॅटरी कधीच मेली होती, पण अंगावर ऊन पडलं की तो जागा व्हायचा. खालून कुणीही काही पाठवलं की तो ते जसंच्या तसं दुसरीकडे खाली सोडायचा. कुणाचं आहे, कशाला पाठवलंय, असलं काही विचारायचा नाही. द्वारकाबाईंना तो या स्वभावामुळेच आवडायचा.

त्यांचा अँटेना अनसाबाईंच्या गच्चीवर बांधलेला होता, कारण त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर दक्षिणेला टाकी आडवी येत असे. अनसाबाई बांगड्या विकायच्या. रोज दुपारी दोघींचा चहा व्हायचा. अनसाबाई बोलायच्या आधी घसा खाकरायच्या आणि द्वारकाबाईंना ‘तारबाई’ म्हणायच्या. आता अनसाबाई आणि अँटेना, दोन्ही डबीत होतं.

साडेदहाला उपग्रह पुन्हा वर येणार होता. सवयीनं द्वारकाबाई रेडिओ घेऊन गच्चीवर उभ्या राहिल्या. रेडिओला त्याची स्वतःची बोटाएवढी रबरी काडी तेवढी होती. खरखर होती, दुसरं काही नाही. मग त्या खरखरीत कुणीतरी घसा खाकरला.

“तारबाई,” असं ऐकू आलं आणि पुन्हा खरखर.

द्वारकाबाई खाली आल्या. फडताळातून पत्रा कापायची कात्री घेतली आणि ओट्यावर जाऊन त्या डबीसमोर बसल्या.

“अगं, दुसऱ्याची वस्तू आहे,” दिगंबरराव दारातून म्हणाले. “हात लावू नका म्हणून सांगून गेलाय माणूस.”

“अहो, मला अँटेना करायचाय. पातळ पत्र्याची पट्टी लागते.”

“बाजारात मिळते की.”

“ही पट्टी नाही मिळत बाजारात.”

टेप ओढली तशी ती सहज बाहेर आली, रिकामी, पिवळी, आकडे असलेली. द्वारकाबाईंनी एकशेचार सेंटिमीटरवर कात्री चालवली. कापलेल्या टोकातून गरम तेलात तडतडणाऱ्या मोहरीचा आणि मेथीचा वास आला. दिगंबरराव शिंकले.

“अनसाबाईंची फोडणी,” ते म्हणाले. मग नाकाला रुमाल लावून त्यांनी विचारलं, “कोण अनसाबाई?”

द्वारकाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याची भीती कधी वाटली नव्हती. आज पहिल्यांदा त्यांना नवऱ्यासाठी भीती वाटली.

त्यांनी आणखी एक नव्वद सेंटिमीटरचा तुकडा कापला आणि मधल्या दांडीसाठी दोन छोटे. नळाच्या प्लास्टिकच्या पाइपावर तिन्ही दांड्या आडव्या ठेवून लोखंडी क्लिपांनी आवळल्या. मधल्या तुकड्यांवरचा पिवळा रंग सुरीनं खरवडला, खाली चकचकीत पोलाद निघालं, आणि त्याला टीव्हीच्या केबलची दोन टोकं डाग देऊन जोडली. संध्याकाळपर्यंत अँटेना तयार झाला. धरला तर हलका होता, पण वाऱ्याशिवायही त्याच्या पट्ट्या थरथरत होत्या.

*

बुधवारी आठ वाजून सदतीस मिनिटांनी उपग्रह दक्षिणेकडून वर आला. द्वारकाबाई टाकीवर चढून बसल्या. डाव्या हातात पाइप आणि उजव्या हातात रेडिओचं बटण. पॅड मांडीवर, पेन्सिल कानावर. उपग्रह जसा सरकतो तसा अँटेना सरकवावा लागतो, आणि बटणही सारखं फिरवत राहावं लागतं. नाहीतर येताना त्याचा आवाज चिलटासारखा पातळ होतो आणि जाताना रेड्यासारखा जाड.

अनसाबाई स्वच्छ ऐकू आल्या.

“तारबाई, ऐकतेस का नाही कुणास ठाऊक. आम्ही घरीच आहोत. पण आळी फार लांब झालीय गं. पंपावर पाण्याला गेलं की परत येईतो दुपार होते. आपल्या घरांपुढं आता दुसऱ्या गावांची घरं लागलीत. एक अख्खा बाजार आहे. कानडी बोलणारी माणसं आहेत, भली आहेत. शाळाही आहे, तिथली पोरं घरी पोचेस्तोवर दुसऱ्या दिवसाची घंटा होते. सगळे म्हणतात, बाहेर आमचं नाव कुणी घेत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे एक बाई आहे.”

मग एक पुरुषी आवाज आला. लक्ष्मण तांबट. “नरहरी, पंपाची मूठ सैल झालीय. पाना तुझ्याकडे आहे. घेऊन ये.”

त्यानंतर आणखी आवाज आले, काही ओळखीचे, पुष्कळसे अनोळखी. अठरा मिनिटं द्वारकाबाई लिहीत राहिल्या. उपग्रह उत्तरेला बुडाला तेव्हा त्यांचा खांदा अवघडून आला होता, पण अक्षर एकही वाकडं नव्हतं.

पोलकं नीट करून त्या नरहरीच्या दारात गेल्या.

“तार आहे.”

नरहरीनं कागद वाचला. त्याचा चेहरा पाटीसारखा कोरा होता. “मला भाऊ नाही, वहिनी.”

“मी भावाचं विचारलं नाही. तार आलीय, नाव तुझं आहे. पोच दे.”

“काल सही केलीय मी त्यांच्या कागदावर.”

“ती त्यांच्या कागदावर. ही माझ्या.”

नरहरी आत गेला. बराच वेळ भांड्यांचा खडखडाट झाला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक मोठा पाना होता. तो हातात कशाला आहे हे त्याला कळत नव्हतं, पण त्यानं तो सोडलाही नाही. डाव्या हातानं त्यानं पोचेवर नाव लिहिलं.

तशी आळीच्या टोकाची भिंत चार पावलं मागं सरकली. तिच्या अलीकडे हातपंप उभा होता. त्याच्या तोंडातून थेंब गळत होते. नरहरी धावत गेला, त्यानं मूठ पाहिली आणि बोल्ट आवळायला बसला. आवळता आवळता तो मोठमोठ्यानं रडत होता आणि का रडतोय म्हणून आपल्याच ओल्या बाह्यांकडे बघत होता.

बायका घागरी घेऊन आल्या. “पंप तर इथंच होता की,” एक जण म्हणाली. दुसरीनं मान डोलावली. द्वारकाबाईंनी वाद घातला नाही. त्यांना पुढच्या तारा वाटायच्या होत्या.

सगळ्या काही पोचल्या नाहीत. कुसुम भंडारेंनी दार लावून घेतलं. दाराखालून सरकवलेला कागद त्यांनी आतून परत बाहेर सरकवला. म्हणून त्यांच्या बहिणीचं हिरवं लुगडं परत आलं नाही. एका शिक्षकानं तार घेतली, पण पोचेवर नावाऐवजी नुसती रेघ ओढली. तेव्हा कडुलिंबाची सावली तेवढी परत आली आणि झाडाशिवाय रस्त्यावर पडून राहिली. कुत्री तिच्यात जाऊन झोपली.

घरी दिगंबररावांनी विचारलं, “कशाला भानगडीत पडतेस? उद्या तो येणार आहे.”

“येऊ दे.”

“एक सही केली की झालं असतं.”

द्वारकाबाई पाट मांडत होत्या. त्या थांबल्या. “अहो, तेहतीस वर्षं मी जे आलं ते लिहिलं. मेल्याचं आलं, मेल्याचं लिहिलं. पोरगं झाल्याचं आलं, ते लिहिलं. न आलेलं एक अक्षर लिहिलं नाही आणि आलेलं एक गाळलं नाही. आता या वयात मी खोटी लांबी लिहू?”

दिगंबरराव जेवले. जेवताना ते दोनदा म्हणाले, मेथी छान झालीय. मेथी केलेली नव्हती.

*

गुरुवारी गुळवणी सकाळी आठलाच आले. ओट्यावरची कापलेली टेप त्यांनी पाहिली, तिचं टोक बोटानं चाचपलं, वास घेतला. ते रागावले नाहीत.

“मी गुन्हा वगैरे म्हणत नाही, बाई. पण मोजणी आता तुमच्यापासून सुरू करावी लागेल.”

या वेळी त्यांनी कापडी फीत आणली होती. शिंप्याकडे असते तशी, पांढरी, मऊ. तिचा अँटेना होण्यासारखा नव्हता.

त्यांनी आधी स्वयंपाकघर मोजलं. फीत गुंडाळली तशी चूल, फडताळ आणि उकळी आलेला चहा निघून गेला. मधल्या खोलीच्या भिंतीवर लगेच जुनं शेवाळं आलं. गुळवणींनी तक्ता पुढं केला.

“एक सही. इथंच थांबतो.”

“नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या.

मधली खोली गेली. मग माजघर, मग देवाचा कोनाडा, त्यातल्या देवांसकट. प्रत्येक वेळी गुळवणी थांबायचे, तक्ता पुढं करायचे, आणि द्वारकाबाई ‘नाही’ म्हणायच्या. त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. दिगंबररावांनी चष्मा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि पंचा बरोबर घेतला, द्वारकाबाईंनी रेडिओ, अँटेना आणि पॅड. ते दोघं जिन्यानं वर गेले. मागून गुळवणी पायऱ्या मोजत आले. चौदा भरल्या. गच्चीच्या दारातून त्यांनी तक्ता एकदा दाखवला, मग उलटं उतरत ते खाली गेले आणि खालून त्यांनी फीत ओढली. जिना गेला. जिन्याचं दार जिथं होतं तिथं सपाट कोबा झाला.

आळी जमली होती. फक्त नरहरी पाना घेऊन आपल्या उंबऱ्यात उभा होता. गुळवणींचा हमाल फितीचं टोक लावायला तिथं गेला, तेव्हा नरहरी म्हणाला, “माझ्या घराला हात लावायचा नाही.” हमालानं गुळवणींकडे पाहिलं. गुळवणी म्हणाले, “असू दे. आधी हे.”

ते खालूनच गच्ची मोजू लागले. फीत वर टाकायची, टोक कठड्याला अडकवायचं, गुंडाळायचं. दक्षिणेची टाकी गेली. कठडा गेला. तुळशीची कुंडी गेली. साडेदहाला गच्ची दोन चटयांएवढी होती, आणि तेव्हाच उपग्रह वर यायला लागला.

“मला धरा,” द्वारकाबाई म्हणाल्या.

दिगंबररावांनी त्यांना मागून कमरेला धरलं. लग्नानंतर उघड्यावर त्यांनी बायकोला असं कधी धरलं नव्हतं. टाकी गेल्यामुळे दक्षिण मोकळी झाली होती आणि आवाज पहिल्या मिनिटापासून खणखणीत आला. या वेळी एक एक आवाज नव्हता. हजारो माणसं एकदम बोलत होती, कानडीत, मराठीत, कुठल्या कुठल्या बोलींत, आणि त्यांच्या मागून गाड्यांची चाकं, बकऱ्या, शाळेची घंटा असं सगळं ऐकू येत होतं. द्वारकाबाईंनी बटण एक केसभर फिरवलं. सगळं सांगणं एकच होतं. त्यांनी ते लिहून घेतलं, कागद फाडला आणि वर पत्ता घातला.

“अहो, तार आहे.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

दिगंबररावांनी चष्मा लावला. गच्ची आता एका चटईएवढी होती, म्हणून वाचताना त्यांचं कोपर बायकोच्या छातीला लागत होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘श्री. दिगंबर हिंगमिरे, तांबट आळी. आम्ही सगळेच निघालोय. पुढची गावंही आहेत. पंपापाशी वाट फुटत नाही म्हणून तुमच्या जिन्यानं येतो.’

“हिंगमिरे,” खालून गुळवणींनी हाक मारली. त्यांचा आवाज अजूनही सभ्य होता. “तुमची सही माझ्याकडे आहे, विसरू नका. तुमच्यापुरती गच्ची ठेवता येईल मला. बाईंची तेवढी नाही.”

दिगंबररावांनी खाली पाहिलं. आळी फार खाली होती आणि त्यांना उंचीची भीती वाटायची. त्यांचे ओठ हलत होते, जणू ते एखादं नाव पाठ करत होते आणि ते पुन्हा पुन्हा निसटत होतं.

“तू का घेत नाहीस ही?” त्यांनी बायकोला विचारलं.

“ज्यानं तार लिहून घेतली, त्यानं स्वतःच्या घरची पोच स्वतः द्यायची नसते. नियम आहे.”

“मला यातलं कुणी आठवत नाही, द्वारका.”

“नसू दे. तारेला ओळख लागत नाही. पत्ता बरोबर असला की झालं.”

फीत पुन्हा वर आली. तिचं पितळी टोक दिगंबररावांच्या अंगठ्यापाशी कोब्याला चिकटलं. दिगंबररावांनी त्या टोकाकडे पाहिलं. मग त्यांनी त्यावर पाय ठेवला, सगळा भार देऊन.

“पेन्सिल आण इकडे,” ते म्हणाले.

त्यांनी बायकोच्या पाठीवर कागद टेकवून सही केली. सावकाश, पूर्ण नाव, ‘र’चा शेपटा नीट खाली ओढून. खाली गुळवणी फीत ओढत होते. मग हमालही ओढू लागले. दिगंबररावांच्या पायाखालून ती निघेना.

जिना जाऊन एक तास झाला होता. तरी पायऱ्यांवर पावलं वाजू लागली. आधी थोडी, मग पुष्कळ, अनवाणी, चपलांची, नालांची. द्वारकाबाईंनी रेडिओ बंद केला, पावलं थांबली नाहीत. कोब्याला खालून थाप पडली. गच्ची एका माणसालाही पुरी पडत नव्हती. दिगंबररावांनी दुसरा पाय जवळ ओढून घेतला, बायकोला आपल्याकडे खेचलं आणि काठाला सरकून जागा करून दिली.